कॅसेटमधले आमचे हे

चालू झालं का ते? लाल बत्ती लागली म्हणजे चालू झालं, मालूम आहे मले. ठेवा, तिथंच स्टुलावर ठेवा, फक्त माह्या तोंडासमोर नका ठेवू, नाहीतं मी त्याच्याकडेच पाहत बसन अन् बोलणं सुचणार नाही. तुम्ही म्हणाल्या होत्या नं ताई, तुमची कहाणी लिहून घेते, तं मले वाटलं वही-पेन घेऊन याल. पिशवीतून हा टेप काढला तुम्ही तं मी मागं सरकली. नाही नाही, राहू द्या चालू. काहून सरकली तेच सांगते, पण मुळापासून सांगते, मधातून सांगितलं तं तुम्हाले वाटन बाई येडी आहे.

माहं माहेर काटोलकडचं. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात राखणीले होता, आम्ही बगीच्यातच राहो, कुडाच्या खोलीत, विहिरीच्या बाजूले. त्या विहिरीवर इंजिन बसलं तेव्हाचं मले चांगलं आठवते. पहिल्यांदा ते भकभक चालू झालं तं माही माय आम्हा लेकरांले घेऊन बगीच्याच्या धुऱ्यापलीकडं पळाली, अन् संध्याकाळी पाहतो तं त्याच इंजिनच्या पाण्यानं भांडे घासून राहिली. माणसाचं असंच असते ताई, पहिले पळते अन् मंग भांडे घासते. शाळेत मी चौथीपर्यंत गेली. मास्तर सांगे का पृथ्वी फिरते, मी घरी येऊन बापाले सांगितलं, तं तो म्हणे, फिरत असन, पण आपला बगीचा तं जागेवरच आहे.

लग्न करून नागपूरले आली त्याच साली चंद्रावर माणूस उतरला. आमच्या घरी रेडिओ होता, आमच्या ह्याईनं लग्नाच्या आधीच घेतला होता. नाव नाही घेत मी त्याईचं, हेच म्हणते, तुम्ही समजून घ्या. माही सासू, तिले मी बाई म्हणो अन् आमची सारी नंदनवन वस्ती बुढी म्हणे. तिचा संकष्टीचा उपास राहे. रेडिओवर ती बातमी ऐकली अन् ती कपाळाले हात लावून बसली, म्हणे, बुटं घालून चालले ते त्याच्यावर, आता मी उपास कोणाले पाहून सोडू? हे म्हणाले, माय, काही खराब नाही झाला तो, तेवढाच आहे. पण बुढी ऐकणाऱ्यातली नव्हती. त्या महिन्यात चंद्र निघाला तं तांब्याच्या जागी बादलीच घेऊन आली अंगणात, म्हणे, लोकाचे पाय लागले त्याले, धुवून काढते. नवी नवरी होती मी, पदरात तोंड खुपसून हसली. हे तं खाटेवरून खाली पडले हसू हसू.

नंदनवन तेव्हा असं नव्हतं. चार घरं, मंग बाभळी, मंग पुन्हा चार घरं. आमचं घर टिनाचं, दोन खोल्या अन् पुढं वसरी. हे अंगानं बारीक, पण आवाज असा का दोन घरं पलीकडचा माणूस ओ देईन. कोराडीले वीज बनवायचं सुरू झालं तं तिथं लागले कामाले. सकाळची बस, संध्याकाळची बस, अन् येत तेव्हा डोक्यात, भुवयांत, कानाच्या पाळीवर राख. मी गरम पाणी काढून ठेवो. घरात बल्ब लागला का म्हणत, सिंधू, हा माह्या हातचा उजेड आहे. अन् लाइट गेली का बुढी अंधारातून विचारे, काहून गा, आज तुह्या हातचा अंधार का? अशी मायलेकाची थट्टा चाले. बाप लवकर गेला होता त्याईचा, बुढीनं धुणेभांडे करून दोन पोरं वाढवले, हे मोठे अन् वसंता धाकटा. म्हणून तिचा ह्याईच्यावर जीव जरा जास्तच.

ह्याईले नव्या वस्तूचा लय नाद. सीताबर्डीले गेले का काहीतरी घेऊन येणारच. एकदा कुकर आणला, बुढी महिनाभर त्याची शिट्टी झाली का देवाचं नाव घेऊन वसरीत जाऊन उभी राहे. अन् एकदा टेप आणला. काळा, एवढा मोठा, समोर बटणं एका लाइनीत, त्यातलं एक लाल. फॉरेनचा आहे म्हणे, कोणीतरी विकायले काढला होता. वसंताले समजावून सांगून राहिले, पाह्य, लाल अन् बाजूचं हे दोन्ही सोबत दाबायचं का आवाज आत जाते, नुसतं हे दाबलं का बाहेर येते. त्याईनं बुढीले बोलायले लावलं अन् मंग तिलेच ऐकवलं. बुढी म्हणे, हा काही माहा आवाज नाही, ही दुसरीच कोणी बाई आहे, आत बसून माही नक्कल करते, हाकल तिले. किती समजावलं, नाही म्हणजे नाहीच. आपला आवाज आपल्याले कधी ऐकू येते का ताई? मले तं अजूनही समजत नाही, तिचं चुकलं कुठं.

अन् मंग ते स्कायलॅब आलं. तुम्ही लहान असाल तेव्हा. आकाशात घराएवढं काहीतरी लोखंडी फिरून राहिलं अन् ते आता खाली पडणार, कुठं पडणार ते कोणालेच मालूम नाही. सारं नागपूर तेच बोले. पानठेल्यावर तेच, नळावर तेच, बसमधी तेच. आमच्या बाजूची बाई भर उन्हाचं लेकरांले खाटेखाली झोपवे, जसं काही त्या लोखंडाले खाट आडवणार होती. कोणी म्हणे, खाऊन-पिऊन घ्या बाबा, उद्याचं काय ते सांगता येत नाही. हे मात्र खुशीत. एका रविवारी टेप घेऊन बसले, गळा साफ केला अन् रेडिओवाल्यासारखा आवाज काढून सुरू झाले. नमस्कार, ह्या नंदनवनच्या बातम्या आहेत. आकाशातलं लोखंड आमच्याच टिनावर पडण्याची शक्यता आहे, तरी सगळ्या शेजाऱ्यांनी आपापली टोपली घेऊन यावं, भंगार फुकटात भेटून राहिलं. बुढी चिडली, म्हणे, बंद कर ते अभद्र बोलणं. तं हे अजूनच जोरात, मायनं काही फिकर करू नये, तिचा पोरगा घरीच आहे. पुन्हा सांगतो, पोरगा घरीच आहे. मंग टेप माह्या तोंडापुढं धरला. मी पदर तोंडात धरून मान हलवत राहिली. मले काय बोलायचं तेच सुचेना, अन् सासूसमोर नवऱ्याच्या पेटीत बोलायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

ते लोखंड आपल्याकडं नाही पडलं. दूर समुद्रापल्याड पडलं म्हणे. बुढीनं मारोतीले नारळ फोडला. लोकं आठ दिवसांत विसरून गेले, थट्टेलेही कोणाले आठवण राहिली नाही. अन् आमच्या घरात ते पोळ्याच्या सुमारास पडलं.

कावीळ झाली ह्याईले. पहिले डोळे पिवळे, मंग नखं, मंग सारं अंग. दवाखाना केला, कावीळ उतरवायले गळ्यात माळ घालणारा माळेवालाही केला, उसाचा रस केला. बैलाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मारबत निघते, ते तं तुम्हाले मालूम आहे, एवढी मोठी बाई कागदा-बांबूची, तिले गावाबाहेर नेऊन जाळतात अन् लोकं ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत. पिवळी मारबत पाहायले बुढी एकटी पायी गेली इतवारीत, त्या एवढ्या गर्दीत. घरी आली तं तिचा आवाज बसून गेला होता. मले म्हणे, मी तिले सांगून आली वं, लय जोरात सांगून आली, तुह्यासारखाच पिवळा झाला माहा पोरगा, तुह्याच रंगाचं आहे ते दुखणं, तूच घेऊन जा. तिचे पाय सुजले होते, मी दाबून दिले. गणपती उठले अन् चार दिवसांत हे गेले. माहा पोरगा प्रकाश आठ वर्षांचाही नव्हता.

मंग काय झालं, घरात बाया बसलेल्या, दुपारची वेळ, मी कोपऱ्यात. अन् आतल्या खोलीतून आवाज आला, नमस्कार, ह्या नंदनवनच्या बातम्या आहेत. ताई, काय सांगू तुम्हाले. बाया उठून भिंतीले चिकटल्या. एकीनं तोंडात पदर कोंबला. प्रकाशनं बटण दाबलं होतं, लेकरूच ते, बापाच्या वस्तूशी खेळून राहिलं होतं. अन् हे बोलतच राहिले, टोपली घेऊन यावं, भंगार फुकटात. अन् मंग ते आलं, पोरगा घरीच आहे. तं बुढी उठली. एकदम हलकी उठली, जसं काही झालंच नाही, अन् आतल्या खोलीकडं पाहून म्हणे, आला का गा? हात-पाय धुवून घे, लय राख लागली अंगाले. अन् पाणी काढायले न्हाणीकडं गेली.

तिले धरून आणलं. वसंतानं टेप बंद करून कपाटावर ठेवला. पण ते ऐकलं सगळ्यांनी.

दहाव्याले माणसं घाटावर गेले. आमच्याकडं बाया नाही जात, आम्ही घरीच वाट पाहत. पिंड ठेवला तं कावळा शिवला पाहिजे, शिवला म्हणजे माणूस सुटला, त्याचं इथलं काही राहिलं नाही. तिकडं कावळा येईना. झाडावर बसलेले होते म्हणे, पण खाली कोणी उतरेना. माणसं हात जोडून सांगून राहिले, तुह्या मायले आम्ही पाहू, तुह्या पोराले शिकवू, तुह्या बायकोले उघडं पडू देणार नाही. वसंतानं तं जमिनीवर डोकं ठेवलं. नाही आला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला अन् सगळे खाली मान घालून घरी आले. मी वसंताच्या तोंडाकडं पाह्यलं अन् समजली. पाणी येऊन राहिलं होतं ताई त्या दिवशी, बारीक झिमझिम, अशात कावळा कुठं पंख हलवते. पण हे तेव्हा कोणी बोललं नाही, अन् मलेही नाही सुचलं.

आमचे एक काकाजी होते, सासऱ्याचे धाकटे भाऊ, नागपुरातच महाल भागात राहत. सगळं क्रियाकर्म त्याईच्या सल्ल्यानं चाले. वाईट नव्हते ते, आमच्या अडीअडचणीले धावून येत. ते वसरीत बसले, चहा घेतला नाही, म्हणे, तो सुटन कसा? त्याचा आवाज तुम्ही पेटीत कोंडून ठेवला आहे. अन् आवाज काय म्हणते, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. घरीच आहे म्हणते. जो घरी आहे म्हणते तो पुढं कसा जाईन? ते पुसून टाका तेरवीच्या आत. कावळा आला नव्हता हे तं खरंच होतं.

मले कोणी विचारलं नाही. मी आतल्या दाराशी उभी होती. विचारलं असतं तं काय सांगितलं असतं, तेही मालूम नाही. मले वाटे, त्याईच्यातलं काय राहिलं माह्यापाशी? एक लग्नातला फोटो, त्यात तोंडावर मुंडावळ्या. कपडे वसंता घालन. तेवढा आवाज आहे, तोही पुसला तं हे दिसायचे कसे, बोलायचे कसे, काहीच राहणार नाही. अन् लगेच वाटे, खरंच अडकले असतील तं? आपल्या हौसेपायी माणूस असा मधातच लटकून राहिला तं? दोन्हीकडून जीव फाटून राहिला होता.

टेप वसरीत आणून ठेवला, पाटावर. वसंताले ह्याईनंच शिकवलं होतं कसं करायचं ते. लाल अन् बाजूचं सोबत दाबलं का नवीन आवाज आत जाते अन् जुना जाते. कोणी बोललं नाही तं नुसतंच पुसते. म्हणून काकाजी म्हणाले, सगळ्यांनी चूप बसा. वसंतानं दोन्ही बटणं दाबली. अन् ते चाक फिरायले लागलं. काहीच आवाज नाही ताई. नुसतं चाक फिरून राहिलं अन् आम्ही सारे त्याच्याकडं पाहून राहिलो. मले माहीत होतं, आता नमस्कार गेलं असन, आता टोपली गेली असन. बाहेर टिनावर कावळे ओरडून राहिले होते, घाटावर येत नव्हते ते इथं ओरडून राहिले होते.

मधातच बुढी बोलली. काकाजीनं हातानं चूप म्हटलं, पण ती त्याईच्याकडं पाहून नाही राहिली. ती पेटीकडं वाकली अन् लेकराले झोपवतात तशा आवाजात म्हणे, जा बापा. आता जा. इथी काही काम नाही तुह्यं. प्रकाशले मी पाहते, सिंधूले मी पाहते, तू जा. मागं नको पाहू. जा म्हटलं नं. असं ती किती वेळ म्हणत राहिली. अन् मंग एकदम तिनं वसंताच्या हातावर हात मारला, म्हणे, पुरे, बंद कर, गेला तो. वसंतानं बंद केलं. टेप जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला अन् कपाटावर मागं टाकला.

तेरवीले टिनावर पान ठेवलं तं कावळा झटक्यात आला. वडा उचलून घेऊन गेला. सगळ्यांनी हात जोडले, काकाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणे, सुटला पोरगा. मीही हात जोडले. ऊनही चांगलं पडलं होतं त्या दिवशी.

पुढं मी दवाखान्यात लागली, बाळंतपणाच्या, आया म्हणून. अजून तिथंच आहे. किती लेकरं माह्या हातावर पुसून काढली, मोजली नाहीत. आता तं आमच्याकडं एक मशीन आली आहे, पोटावर लावली का पोटातल्या लेकराचे ठोके बाहेर ऐकू येतात, धकधक धकधक, घोडा पळून राहिल्यासारखे. पहिल्या वेळी ऐकलं तं मी हातातली बादली खाली ठेवली. डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, काहून वं सिंधू, भ्याली का? मी म्हटलं, नाही बाई, विचार करून राहिली, जन्माले आलं नाही त्याचाही आवाज पेटीतून येते. डॉक्टरबाईनं हो म्हटलं अन् दुसऱ्या बाईकडं गेल्या. त्याईले काय मालूम.

आता जे सांगते ते नीट ऐका. हे गेल्यावर दुसऱ्या साली पितरपाठात, पितरांच्या पंधरवड्यात, मी घरी एकटी होती. बुढी मारोतीले गेली होती, प्रकाश शाळेत. भरदुपार. मी कपाटावरचा पसारा काढून राहिली होती, ते गाठोडं हाताले लागलं. सोडलं. मनात म्हटलं, कोरी आहे, कोरी कॅसेट ऐकायले काय जाते. अन् दाबलं.

कोरी नव्हती ताई. आम्हाले वाटलं होतं, चूप बसलं म्हणजे कोरं होते. त्याच्यात ती सारी दुपार भरली होती. काकाजीचा खोकला. टिनावरचे कावळे. कोणाची तरी बांगडी वाजली, माहीच असन, नंतर मी फोडल्या नाहीत पण काढून ठेवल्या. मंग बुढी, जा बापा, आता जा. अन् बुढीच्या खालून, लय खालून, जसं विहिरीत कोणी बोलते, तसं काहीतरी चालू होतं. मी कान लावला. बोल समजत नव्हते, पण चाल समजत होती. नमस्कारची चाल. भंगारची चाल. अन् बुढी म्हणे जा, अन् खालून ती चाल म्हणे, घरीच आहे. मी बंद नाही केलं. कसं करणार?

अन् मंग बुढीचं पुरे, बंद कर, असं आलं, अन् खट् वाजलं. तिनं मधातच थांबवलं होतं नं, तिथून पुढची पट्टी पुसलीच नव्हती. खट् वाजलं अन् हे माह्या कानात बोलले. साफ. ह्या वसरीत बसून बोलावं असे. म्हणे, सिंधू, तू बी बोल नं वं काही. बोल नं. पेटीच तं आहे, खात नाही तुले. मंग मधात काहीच नाही, ती मी होती, पदर तोंडात धरून बसलेली. मंग हसले. अन् म्हणे, बरं राहू दे, मंग बोलजो. बस. त्याच्यापुढं खरंच कोरी.

मी ते कोणाले सांगितलं नाही. गाठोडं बांधून जागेवर ठेवलं. पण तेव्हापासून घरात काम करता करता मधातच माहे हात थांबत. कोणी काही विचारून राहिलं आहे अन् आपण उत्तर दिलं नाही, असं होये. भाजी चिरताना, नळावर, दवाखान्यात पोरी ओरडून राहिल्या असताही. प्रकाश मोठा झाला, आता कॉलेजात आहे, त्याले मंग एकदा ऐकवलं. तो म्हणे, आई, जुन्या मशीनचं पुसणं कच्चं राहते, खालचा आवाज थोडा राहूनच जाते, त्याच्यात घाबरायचं काही नाही. मी म्हटलं, घाबरते कोण. मंग तो बाहेर जाऊन बसला, किती वेळ आत नाही आला.

बुढी शेवटी शेवटी खाटेवरच होती. समोर टीव्ही लावून दिला होता प्रकाशनं, ती बातम्यावालीले नमस्कार करे, ती नमस्कार म्हणते तं आपण नाही म्हटलं तं कसं दिसते, म्हणे. एक दिवस मले म्हणाली, ती पेटी आहे का वं? मी समजली. काढली, तिच्या उशीशी ठेवली. कान कमी झाले होते तिचे, खालचं तिले ऐकू आलं का नाही मालूम नाही. तिनं तिचाच आवाज ऐकला, जा बापा, जा. ही तीच बुढी बरं, आपला आवाज ऐकून म्हणाली होती, कोणी दुसरीच बाई आहे. आता लगेच म्हणे, ही तं मीच आहे. अन् माहा हात धरून म्हणे, मी त्याले जा काहून म्हटलं वं? मी पदरानं तिचं तोंड पुसलं.

ती गेली तेव्हा दहाव्याले माणसं घाटावरून लवकर आले. वसंताच्या चेहऱ्यावर समाधान. म्हणे, वहिनी, मायनं काही अडवून ठेवलं नाही, पिंड ठेवून मागं सरकलोही नाही तं कावळा आला. सगळे म्हणाले, पुण्यवान होती बुढी. मी कणीक मळून राहिली होती. हात तसाच परातीत राहिला. मनात आलं, बुढीचा आवाज तं पेटीतच आहे. जसा ह्याईचा होता, तसाच आहे, कोंडलेला. मंग हिले कावळा कसा शिवला?

काकाजी आले होते, लय म्हातारे झाले होते, काठी टेकत. मी परात तशीच हातात घेऊन त्याईच्यापुढं जाऊन उभी राहिली. सासऱ्याच्या जागेचा माणूस, एवढ्या वर्षांत मी तोंड वर करून बोलली नव्हती. म्हटलं, काकाजी, बाईचा आवाज बी पेटीत होता, आजही आहे. मंग तिले कसं काही आडवं आलं नाही? त्याईनं माह्याकडं पाह्यलं, विचार केला अन् म्हणे, कोणती पेटी, बाई? ताई, त्याईले आठवतच नव्हतं. एका माणसाचा आवाज पुसायले लावला अन् आठवतही नव्हतं. मले इतका राग आला, इतका राग आला का मले वाटलं हातातली परात फेकून मारावी. अन् मंग त्याईच्या हाताकडं पाह्यलं, कापून राहिले होते. मी त्याईले पाणी आणून दिलं. काय करता.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आवाजानं माणूस अडकत नसन तं ते पुसलं कशासाठी? अन् पुसून ते सुटले असतील, तं मंग खालून बोलते कोण? प्रकाशचं म्हणणं खरं असन, मशीन कच्ची असन. मी नाही म्हणत नाही. पण तो आवाज त्याईचाच आहे, अन् त्याच्यावर बुढीचा आहे. ती म्हणते जा, हे म्हणतात घरीच आहे. दोघं मायलेक अजून तसेच बोलत बसले आहेत. मी रोज नाही ऐकत, पट्टी झिजते म्हणे, आवाज आताच जरा जाड येऊन राहिला. पितरपाठात एकदा ऐकते. टिनावर पान ठेवते, कावळा आला तं आला, नाही आला तं मी ते पान खाली उतरवून गाईले घालते. वाट नाही पाहत बसत.

चाललं का अजून ते? चाक फिरून राहिलं, दिसते मले. बरं झालं तुम्ही वही नाही आणली. तुम्ही घरी नेऊन ऐकान, लिहान, छापान, अन् मंग त्याच्यावर दुसऱ्या कोण्या बाईचं बोलणं भरान, भरा, माही काही तक्रार नाही, तिलेही बोलू द्या. फक्त माह्या दहाव्याले कावळा नाही आला तं ह्या पेटीले दोष देऊ नका म्हणा, पाणी येऊन राहिलं का तेवढं पाहा. प्रकाशले मी सांगून ठेवलं आहे. माहं लेकरू सुखात राहो, तुमचेही राहोत.

आता तो चहा घ्या, गार होऊन राहिला. अन् थांबा, बंद करू नका अजून. तेव्हा ह्याईनं मले म्हटलं होतं, मंग बोलजो. ऐकून राहिले का हो? बोलली मी.